विद्यासागर सेतू : हुगळीवरील तणाव्यांचा पूल
(विशेष प्रतिनिधी)

कोलकाता आणि हावडा या हुगळीच्या दोन काठांवरील शहरांना जोडणारा विद्यासागर सेतू १० ऑक्टोबर १९९२ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याची कोनशिला मात्र २० मे १९७२ रोजीच बसविण्यात आली होती. कोनशिलेपासून पहिले वाहन जाईपर्यंत वीस वर्षे लागलेल्या या पुलाचा मधला गाळा ४५७.२ मीटरचा आहे. केबल-स्टेड प्रकारच्या पुलांमध्ये एवढा मोठा गाळा असलेला दुसरा पूल भारतात पुढील तीन दशके झाला नाही.

एखादा पूल किती लांब, किती उंच, यातच त्याची थोरवी मोजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विद्यासागर सेतूची खरी गोष्ट वेगळी आहे. देशात मिळणारे पोलाद आणि येथील कारागिरांचे कसब एवढ्यावर जगातील सर्वांत मोठ्या गाळ्याचा पूल कसा उभारता येईल, या प्रश्नातून त्याचा आराखडा जन्माला आला. आणि २०२३ नंतर त्याच्या केबल व बेअरिंग बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले, तेव्हा असा पूल बांधून झाला म्हणजे संपले असे नसते, हेही या शहराला कळून चुकले.

दुसऱ्या पुलाची गरज

हावडा हे पूर्व भारताचे प्रवेशद्वार. मुंबईहून निघालेली रेल्वेगाडी जेथे थांबते ते हावडा स्थानक नदीच्या पश्चिम तीरावर, तर कोलकात्याची बाजारपेठ, कचेऱ्या आणि बंदर पूर्व तीरावर. या दोहोंमध्ये १८७४ पासून एक तरंगता पूल होता. सर ब्रॅडफर्ड लेस्ली या अभियंत्याने तो उभारला. नदीतून जहाज जायचे असले की या पुलाचा काही भाग बाजूला करावा लागे आणि तेवढा वेळ रस्त्यावरील वाहतूक खोळंबून राही.

त्याच्या जागी ३ फेब्रुवारी १९४३ रोजी आजचा हावडा पूल सुरू झाला. १९६५ मध्ये त्याला रवींद्र सेतू हे नाव देण्यात आले. नदीच्या पात्रात एकही खांब नसलेल्या या पोलादी पुलाने कोलकात्याची ओळखच घडविली. परंतु ट्राम, बस, मालमोटारी, हातगाड्या आणि पायी चालणारे असंख्य लोक यांचा सारा भार या एकाच पुलावर पडू लागला. उत्तरेला बाली आणि दक्षिणेश्वर यांच्या दरम्यान १९३१ मध्ये सुरू झालेला रेल्वे व रस्ता असा दुहेरी विवेकानंद सेतू होता. पण तो शहराच्या मध्यवस्तीपासून दूर. त्यामुळे पश्चिमेकडून बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारीलाही हावडा पुलावरून बडाबाजारच्या गजबजाटात शिरावे लागे किंवा उत्तरेकडून मोठा वळसा घ्यावा लागे.

हा पश्चिमेकडून येणारा रस्ता महाराष्ट्राला अपरिचित नाही. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा मार्ग सुरत परिसरातून निघून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करीत थेट हावड्याला पोहोचत असे. आता त्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे क्रमांक मिळाले आहेत. तरी हावड्याकडील लोक आपल्या बाजूच्या भागाला अजूनही 'बॉम्बे रोड' म्हणतात. खानदेश-विदर्भातून निघालेला माल कोलकात्यात शिरताना जी नदी आडवी येते, ती ओलांडण्याचा हा प्रश्न होता.

दुसरा पूल बांधण्यासाठी १९६९ मध्ये कायदा होऊन हुगळी नदी पूल आयुक्तालय ही स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली. जागा निवडण्यात आली ती हावडा पुलाच्या दक्षिणेस, कोलकात्याच्या बाजूला प्रिन्सेप घाट व हेस्टिंग्ज आणि पलीकडे शिबपूर अशी. हावडा व कोलकाता यांच्यामधला हा दुसरा पूल, म्हणून त्याचे नाव सुरुवातीला 'दुसरा हुगळी पूल' असेच पडले.

पात्रात खांब नको

नदी मोठी असली तरी तीत ठिकठिकाणी खांब उभे करून साधा पूल बांधता आला नसता का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर हुगळीच्या स्वभावात आहे.

हुगळी हा गंगेचाच एक फाटा. समुद्राची भरती-ओहोटी कोलकात्याच्याही वरपर्यंत पोहोचते आणि दोन्ही बाजूंनी पाणी गाळ वाहून आणते. गाळाने पात्र उथळ होत जाणे ही कोलकाता बंदराची जुनी डोकेदुखी आहे. गंगेचे पाणी हुगळीकडे वळवून हा गाळ धुऊन निघावा, याच हेतूने फराक्का बंधारा बांधण्यात आला व तो १९७५ मध्ये सुरू झाला. अशा नदीत खांब उभा केला की प्रवाहाला अडथळा होतो, खांबाच्या मागे गाळ साठतो आणि पुढे पायाशेजारची माती उकरली जाते. शिवाय बोटींची वाहतूक सुरूच असते. म्हणून दोन मुख्य आधार शक्य तितके काठांच्या जवळ आणि मधले पात्र मोकळे, अशी रचना करणे भाग होते. हावडा पूल बांधतानाही हाच विचार झाला होता. दोन्ही पुलांच्या मधल्या गाळ्याची लांबी १५०० फूट, म्हणजे ४५७.२ मीटर अशी सारखीच आहे. प्रश्न एकच होता. उत्तरे मात्र दोन पिढ्यांनी वेगवेगळी दिली.

केबल-स्टेड म्हणजे काय?

हावडा पूल हा कॅन्टिलिव्हर पद्धतीचा. दोन्ही काठांवरून पोलादी सांगाड्याचे हात पुढे आलेले आणि त्यांच्या मध्ये एक तुकडा टांगलेला, अशी त्याची रचना आहे. याला पोलाद भरपूर लागते. हावडा पुलात सुमारे २६ हजार ५०० टन पोलाद वापरले गेले.

झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून एक मोठी केबल झोक्यासारखी सोडलेली असते. तिच्यापासून उभ्या दोऱ्या खाली येतात आणि त्या रस्ता धरून ठेवतात. मुख्य केबलची टोके काठावर प्रचंड वजनाच्या बांधकामात जखडून ठेवावी लागतात. गाळाच्या मऊ जमिनीत अशी जखडण बांधणे खर्चाचे आणि जिकिरीचे असते.

केबल-स्टेड पुलात ही मधली झोक्याची केबल नसते. मनोऱ्याच्या माथ्यापासून निघालेल्या तिरक्या केबल थेट डेकला, म्हणजे वाहने ज्यावरून धावतात त्या भागाला जोडलेल्या असतात. तंबूचा खांब आणि त्याला दोन्ही बाजूंनी बांधलेले तणावे डोळ्यांसमोर आणले की ही रचना सहज समजते. एका बाजूच्या तणाव्याची ओढ दुसऱ्या बाजूच्या तणाव्याने तोलली जाते आणि खांबावर येतो तो केवळ खालच्या दिशेचा भार. केबल तिरक्या असल्यामुळे त्या डेकला मनोऱ्याच्या दिशेने ओढतात. त्यामुळे डेकमध्ये लांबीच्या दिशेने दाब निर्माण होतो. हा दाब डेक स्वतःच पेलतो, म्हणून काठावर मोठ्या जखडणीची गरज उरत नाही.

या पद्धतीचा आणखी एक लाभ बांधकामाच्या वेळी मिळतो. मनोऱ्यापासून डेकचा एक तुकडा पुढे सरकवायचा, त्याला केबल बांधायची, मग पुढचा तुकडा. नदीत तात्पुरते खांब न उभारता पूल दोन्ही बाजूंनी पुढे येत राहतो आणि मध्यावर जोडला जातो. वाहत्या नदीवर आणि चालू जलमार्गावर हे फार सोयीचे.

आधुनिक केबल-स्टेड पुलांची सुरुवात साधारणपणे स्वीडनमधील स्ट्रॉमसुंड येथील १९५० च्या दशकातील पुलापासून मानली जाते. त्याचा मुख्य गाळा होता सुमारे १८२ मीटर. विद्यासागर सेतूचा बाजूचा एकेक गाळाच १८२.८८ मीटरचा आहे, म्हणजे दोन दशकांत कल्पना केवढी पुढे गेली होती याचा अंदाज येतो. १९७० मध्ये जर्मनीत ड्यूसबुर्ग-नॉयएनकाम्प येथे ३५० मीटरचा गाळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी कोलकात्यात ज्या पुलाची कोनशिला बसली, त्याचा गाळा होता ४५७ मीटर. कागदावर तरी तो जगात सर्वांत मोठा होता.

देशी पोलाद, रिव्हेटचे सांधे

पुलाचा आराखडा जर्मन अभियंते यॉर्ग श्लाइश आणि त्यांची श्लाइश बर्गरमन अँड पार्टनर ही संस्था यांच्या नावे ओळखला जातो. त्याची तपासणी ब्रिटनच्या फ्रीमन फॉक्स अँड पार्टनर्सने केली. पोलादी बांधकामात ब्रेथवेट, बर्न अँड जेसप अर्थात 'बीबीजे' ही कोलकात्याची कंपनी होती. हावडा पुलाचे सुटे भाग घडविण्याचे कामही याच कंपनीने केले होते. मुंबईतील गेट वे ऑफ इंडियाच्या पायाच्या कामामुळे ज्ञात असलेली गॅमन इंडिया ही कंपनीही या उभारणीत सहभागी होती.

त्या काळात युरोपातील मोठ्या पुलांचे डेक वेल्डिंग केलेल्या पोलादी पत्र्यांचे असत. वजनाला ते हलके पडतात. मात्र त्यासाठी वेल्डिंगला योग्य अशा प्रतीचे पोलाद आणि त्या कामात मुरलेले कारागीर मोठ्या संख्येने लागतात. १९७० च्या दशकातील भारतात या दोहोंची वानवा होती. याउलट रिव्हेट ठोकून पोलादी भाग जोडण्याची परंपरा येथे पक्की होती. शेकडो रेल्वे पूल आणि खुद्द हावडा पूल त्याची साक्ष देत होते.

तेव्हा आराखडाच या वस्तुस्थितीला अनुसरून करण्यात आला. मनोरे पोलादी पेट्यांचे, पण रिव्हेटने जोडलेले. डेकसाठी पोलादी तुळयांची जाळी आणि तिच्यावर २३० मिलिमीटर जाडीची प्रबलित काँक्रीटची लादी. पोलाद आणि काँक्रीट या दोघांनी एकत्रितपणे भार वाहायचा, याला संमिश्र डेक म्हणतात. वर सांगितल्याप्रमाणे केबलच्या ओढीमुळे डेकवर दाब येतो आणि दाब सोसणे हा तर काँक्रीटचा मूळ गुणधर्म. महाग पोलादाचे काम स्वस्त काँक्रीट करू लागले. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे जगभर रूढ झाली. मोठ्या केबल-स्टेड पुलांसाठी संमिश्र डेक हा आज सर्वमान्य पर्याय आहे.

दैवदुर्विलास असा, की कोलकात्यातील काम रेंगाळले आणि असाच संमिश्र डेक असलेला, ४६५ मीटर गाळ्याचा अलेक्स फ्रेझर पूल कॅनडातील व्हँकुव्हरजवळ १९८६ मध्ये सुरूही झाला. १९९१ मध्ये जपानच्या इकुची पुलाने ४९० मीटरचा, तर नॉर्वेच्या स्कार्नसुंड पुलाने ५३० मीटरचा पल्ला गाठला. विद्यासागर सेतू खुला झाला तेव्हा जागतिक विक्रमाचा मान निघून गेलेला होता.

वीस वर्षांचा प्रवास

१९७२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्रत्यक्ष बांधकामाला सुरुवात झाली ती ३ जुलै १९७९ रोजी. मधली सात वर्षे नदीवर काहीच दिसत नव्हते. त्यानंतर आणखी तेरा वर्षांनी, १९९२ मध्ये, पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या हस्ते पुलाचे उद्घाटन झाले. सुमारे ३८८ कोटी रुपये खर्च आला. तुलनेसाठी सांगायचे तर, हावडा पुलाचे बांधकाम १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ मध्ये पूर्ण झाले होते.

वीस वर्षे हा आकडा कागदावर लहान दिसतो. कोनशिलेच्या वेळी शाळेत पाऊल टाकणारे मूल उद्घाटनाच्या वेळी नोकरीला लागलेले होते. एवढा काळ दोन शहरांतील रस्ता-वाहतूक मुख्यतः एका पुलावर आणि घाटाघाटांवरून सुटणाऱ्या लाँचवर विसंबून राहिली. विलंबाची किंमत केवळ वाढलेल्या कोटींमध्ये मोजायची नसते. रोज पुलावर अडकलेल्या माणसांच्या तासांतही ती मोजावी लागते, आणि तिचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

पुलाला ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव देण्यात आले. विधवाविवाहाच्या कायद्यासाठी झटलेल्या या बंगाली पंडिताचे १८९१ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या कार्याची चर्चा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सुधारकांमध्येही झाली होती, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये.

वारा, उष्णता आणि उचलले जाणारे टोक

अशा पुलाला तीन गोष्टींशी सतत झुंजावे लागते.

पहिली गोष्ट वारा. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने हेलकावे खात कोसळला, तेव्हापासून लांब गाळ्याच्या पुलाची वाऱ्यातील चाचणी ही अत्यावश्यक बाब ठरली. विद्यासागर सेतूच्या प्रतिकृतीची चाचणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वातबोगद्यात घेण्यात आली. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वादळांचा हा प्रदेश. २००९ मधील 'आयला' आणि मे २०२० मधील 'अम्फान' या चक्रीवादळांनी कोलकात्याला तडाखा दिला, त्यावरून या चाचणीचे महत्त्व ध्यानात येते.

दुसरी गोष्ट उष्णता. पोलाद तापले की प्रसरण पावते. ८२३ मीटर लांबीच्या पोलादी सांगाड्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर लांबीत सुमारे ३९ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे साधारण हातभर. एवढ्या हालचालीला वाव मिळाला नाही, तर पूल स्वतःच्याच ओढाताणीने खिळखिळा होईल. म्हणून टोकांशी सरकणारे प्रसरण सांधे आणि डेकखाली हालचालीला मुभा देणारी बेअरिंग बसवावी लागतात.

तिसरी गोष्ट सामान्य प्रवाशाच्या लक्षात येत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची. मधल्या गाळ्याचा अर्धा भाग २२८.६ मीटरचा, तर बाजूचा गाळा केवळ १८२.८८ मीटरचा. म्हणजे तराजूची नदीकडील दांडी लांब, काठाकडील आखूड. साहजिकच नदीकडची बाजू जड होते आणि काठाकडील टोक वर उचलले जाऊ पाहते. पूल कोसळू नये म्हणून आपण त्याला वर धरून ठेवण्याचा विचार करतो. येथे टोकांना खाली धरून ठेवावे लागते. त्यासाठी शेवटच्या खांबांशी डेकला खाली जखडणाऱ्या वेगळ्या केबल आहेत. वरच्या भव्य पंख्यासारख्या केबल सर्वांच्या छायाचित्रात येतात. खालच्या या आखूड केबलकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण पुलाचा तोल त्यांच्यावरही अवलंबून आहे.

केबलीचे आयुष्य

काँक्रीटचा किंवा दगडी पूल म्हणजे एकसंध बांधकाम. केबल-स्टेड पुलाचे तसे नाही. त्याच्या केबल म्हणजे उच्च ताणशक्तीच्या अनेक तारांचा जुडगा. त्यावर पॉलिथिलिनच्या नळीचे आवरण असते. या आवरणात कोठे चीर पडली आणि पाणी आत शिरले, तर तारा आतून गंजू लागतात. गंज बाहेरून दिसत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक अवजड वाहनागणिक केबलमधील ताण कमी-जास्त होतो आणि त्याने धातू थकतो तो वेगळाच. बेअरिंगही झिजतात. त्यामुळे पुलाचा सांगाडा शंभर वर्षे टिकेल अशी अपेक्षा ठेवली, तरी केबल आणि बेअरिंग मधेच बदलावी लागतील हे गृहीत धरावे लागते.

याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. इटलीतील जिनोव्हा येथील मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जण मृत्युमुखी पडले. त्या पुलाच्या केबल काँक्रीटमध्ये गाडलेल्या होत्या, त्यामुळे आतील गंजाची तपासणी करणे अत्यंत कठीण होते. गुजरातमधील मोरबी येथे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मच्छू नदीवरील पादचाऱ्यांचा झुलता पूल तुटून १३५ जणांचा बळी गेला. त्या पुलाचा प्रकार वेगळा आणि तो आकाराने कितीतरी लहान. परंतु तपासात त्याच्या मुख्य केबलच्या अनेक तारा गंजलेल्या आढळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, त्याची आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे.

खुद्द कोलकात्यालाही याचा अनुभव आहे. ४ सप्टेंबर २०१८ रोजी शहराच्या दक्षिण भागातील माझेरहाट येथील रेल्वेमार्गावरच्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्यात तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहरातील पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. कोसळलेल्या पुलाच्या जागी ३ डिसेंबर २०२० रोजी नवा पूल सुरू झाला. 'जय हिंद' असे नाव मिळालेला हा पूलही केबल-स्टेड पद्धतीचाच आहे.

विद्यासागर सेतूच्या बाबतीत वेळ येण्यापूर्वी दखल घेतली गेली. वापरात तीन दशके पूर्ण झाल्यावर, २०२३ च्या अखेरीपासून केबल व बेअरिंग बदलण्याचे मोठे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. टोकांना खाली धरणाऱ्या केबलचाही त्यात समावेश करण्यात आला. अवजड वाहनांवर निर्बंध, काही मार्गिका बंद आणि निवडक दिवशी काही तास पूर्ण वाहतूकबंदी, असा त्रास शहराला सोसावा लागला.

हा त्रास लहान नव्हता. २०१३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारचे सचिवालय कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून नदीपलीकडे शिबपूरच्या 'नबान्न' या इमारतीत हलविण्यात आले. ही इमारत पुलाच्या हावडा टोकाजवळच आहे. त्यामुळे मंत्र्यांपासून कारकुनांपर्यंत राज्याच्या प्रशासनाचा मोठा भाग रोज याच पुलावरून जातो. पलीकडे कोना एक्स्प्रेसवेमार्गे दिल्ली, मुंबई आणि चेन्नईकडील महामार्ग मिळतात. पूल बंद ठेवणे म्हणजे या साऱ्याला खीळ. तरीही केबल बदलण्यासाठी काही तास पूल बंद ठेवणे, आणि केबल तुटल्यामुळे तो कायमचा बंद होणे, या दोहोंत निवड करायची असेल तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. डेकला अनेक केबलांचा आधार असल्याने एका वेळी एक केबल सोडवून तिच्या जागी नवी घालता येते, हा या पद्धतीचा मोठाच फायदा.

पुढील पिढीचे पूल

विद्यासागर सेतूनंतर देशात केबल-स्टेड पुलांचे युग अवतरले. अलाहाबादजवळ (आताचे प्रयागराज) नैनी येथील यमुनेवरचा पूल २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा मुख्य गाळा २६० मीटरचा. मुंबईकरांच्या परिचयाच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचा केबलच्या आधाराचा वांद्र्याकडील भाग २५० मीटरच्या दोन गाळ्यांचा आहे. हा सेतू २००९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दिल्लीच्या वझिराबाद येथील २०१८ च्या सिग्नेचर ब्रिजच्या आराखड्यात पुन्हा श्लाइश बर्गरमन हीच संस्था होती. गोव्यात झुआरी नदीवरील ३६० मीटर गाळ्याच्या नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमध्ये ओखा व बेट द्वारका यांना जोडणारा सुदर्शन सेतू खुला झाला. त्याचा मधला गाळा ५०० मीटरचा असल्याने विद्यासागर सेतूचा देशातील विक्रमही मोडला गेला. जगाचा विचार केला, तर रशियातील व्लादिव्होस्तोकच्या रुस्की पुलाने २०१२ मध्येच ११०४ मीटरचा गाळा गाठला होता.

कोलकात्यातही नदी ओलांडण्याचे नवे मार्ग झाले. विवेकानंद सेतूशेजारी २००७ मध्ये निवेदिता सेतू आला आणि मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली. तरीही शहराच्या दक्षिण बाजूने मोटारीने नदी ओलांडायची म्हटले, की विद्यासागर सेतूला पर्याय नाही.

विक्रम येतात आणि मोडले जातात. गोवा, मुंबई, गुजरात येथील नवे पूलही आणखी वीस-पंचवीस वर्षांनी याच वळणावर येऊन उभे राहतील. तेव्हा त्यांच्या केबलची तपासणी वेळच्या वेळी होते किंवा नाही, बदलण्यासाठी पैसे राखून ठेवले आहेत किंवा नाहीत आणि काही काळ गैरसोय सोसण्याची नागरिकांची तयारी आहे किंवा नाही, यावरच त्यांचे आयुष्य ठरेल. वीस वर्षे लागलेला पूल तीस वर्षांनी दुरुस्त करण्याचे जे काम कोलकात्याने अंगावर घेतले, त्याकडे इतर शहरांनी म्हणूनच बारकाईने पाहायला हवे.

विद्यासागर सेतू : दृष्टिक्षेपात

नदी : हुगळी
जोडली जाणारी शहरे : कोलकाता आणि हावडा
पुलाचा प्रकार : केबल-स्टेड, पंख्याच्या आकाराची केबल रचना
कोनशिला : २० मे १९७२
बांधकामास प्रारंभ : ३ जुलै १९७९
उद्घाटन : १० ऑक्टोबर १९९२
एकूण लांबी : सुमारे ८२३ मीटर
मधला गाळा : ४५७.२ मीटर
बाजूचे गाळे : प्रत्येकी १८२.८८ मीटर
रुंदी : ३५ मीटर, दोन्ही दिशांना तीन-तीन मार्गिका
मनोऱ्यांची उंची : सुमारे १२८ मीटर
डेक : पोलादी तुळया व २३० मिलिमीटर जाडीची काँक्रीट लादी
खर्च : सुमारे ३८८ कोटी रुपये